शिलाई मशीनचा खडखडाट : खालच्या मजल्यावरून तक्रार आली आहे, उपाय सुचवा

मधुरा_नाशिक :
नमस्कार मंडळी,
घरी सासूबाईंची काळी पायमशीन आहे. लोखंडी स्टँड, लाकडी पाट, मोटर नाही. पिशव्या, ब्लाऊज, साड्यांना फॉल असं काम मी घरबसल्या करते. आधी आम्ही तळमजल्यावर राहायचो, गणपती झाल्यावर तिसऱ्या मजल्यावर आलो. मशीन टेम्पोतून आणली आणि तेव्हापासून तिचा आवाज वाढलाय.

खालच्या काकू स्वभावाने चांगल्या आहेत, पण परवा वर आल्याच. "दुपारभर डोक्यावर कोणीतरी खलबत्ता कुटतंय असं वाटतं गं," म्हणाल्या. गंमत म्हणजे मला तसा आवाज येतच नाही. मला येतो तो टक-टक-टक, शटलच्या (सुईखाली खालचा दोरा गुंतवणारा फिरता भाग) बाजूने. जोरात चालवली की त्याची खडखड होते.

तेल घातलं, भरपूर घातलं. काही फरक नाही. दुरुस्तीवाल्याला बोलावलं तर त्याने एकदा चाक फिरवून पाहिलं आणि "शटलचा अख्खा सेट बदला, नाहीतर मशीनच एक्सचेंजला द्या" म्हणून मोकळा झाला. सासूबाईंना मशीन द्यायची नाहीये. मलाही नाही.

घरच्या घरी काय काय तपासता येईल? कोणी केलंय का?

नुसता_वाचक :
तेल कुठलं घातलंत?

खट्याळ_काका :
काकूंना शिवणकाम शिकवा. दोघींनी एकाच वेळी मशीन चालवायची. तक्रार कायमची बंद.

पेठेतला :
काळी मशीन आवाज करणारच हो. तिचं शटल गोल गोल फिरत नाही. अर्धा फेरा पुढे जातं, थांबतं आणि उलटं परत येतं. प्रत्येक टाक्याला हेच. दिशा बदलली की खट्. कारखान्यातल्या मशीनचा हुक (शटलचंच काम करणारा भाग) एकाच दिशेने फिरत राहतो, एका टाक्याला दोन फेरे, म्हणून तिचा आवाज घुं घुं असा सलग येतो. थोडक्यात, आवाज आहे म्हणून घाबरू नका. आवाज बदललाय का, ते बघा.

मधुरा_नाशिक :
@नुसता_वाचक, मशीनचंच तेल. दुकानात बारक्या बाटलीत मिळतं ते.
@पेठेतला, बदललाय हो. इतकी वर्षं ऐकतेय, कळतं.
@काका, काकूंना दोरा ओवायला चष्मा सापडत नाही.

शिवणवर्ग_सांगली :
मधुराताई, तेलाची बाटली आधी खाली ठेवा.

आवाज कुठून येतोय हे ठरल्याशिवाय काही उघडू नका आणि बदलू तर अजिबात नका. पायमशीन म्हणजे वरचं हेड आणि खालचं स्टँड. दोन्हींचा आवाज वेगवेगळा ऐकता येतो आणि त्यासाठी पान्हासुद्धा लागत नाही.

हातचाकाच्या मधोमध गोल नॉब असतो ना, बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) भरताना आपण सैल करतो तो? तो सैल करा आणि पायडल मारा. चाक फिरेल, सुई जागची हलणार नाही. अशा वेळी आवाज तसाच राहिला तर तो स्टँडचा, पट्ट्याचा नाहीतर बॉबिन भरायच्या चाकाचा. आवाज थांबला तर दोष हेडमध्ये.

मग नॉब घट्ट करा. दोरा काढा, बॉबिन केस काढा, फूट (कापड दाबून धरणारा पाय) वर उचला आणि रिकामी चालवा. आवाज नसेल तर एकेक गोष्ट परत आणायची. आधी कापड ठेवून फूट खाली (कापडाशिवाय फूट टेकवून चालवू नका, खालून कापड पुढे सरकवणारे दाते फुटावर घासतात). मग बॉबिन केस. दोरा सगळ्यात शेवटी. ज्या पायरीला आवाज सुरू होईल तिथे शोधायचं.

लयही ऐका. प्रत्येक टाक्याला एकदा येणारा आवाज सुई, शटल किंवा दात्यांचा. पाय खाली-वर होतो त्या लयीत येणारा आवाज पायडलचा किंवा त्याला मोठ्या चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचा. आणि या दोन्हींशी मेळ न बसणारा, मधूनच येणारा टिक् म्हणजे चामडी पट्ट्याचा जोड. ती तारेची क्लिप चाकावरून जाताना वाजते.

माझ्या वर्गात नवीन मुलींना मी पहिल्या दिवशी शिवू देत नाही. डोळे मिटून नुसती मशीन ऐकायला लावते. मुली हसतात. हसोत.

कोकणी_मामी :
आमच्याकडे आजेसासूबाईंपासून मशीनला खोबरेल तेल घालतात. आजही चालतेय. बाजारचं तेल कशाला लागतं?

पेठेतला :
+१. आमची आईसुद्धा खोबरेलच घालायची. देवापुढच्या समईतून उरलेलं.

ऑइलकॅन :
मामी, रत्नागिरीच्या हवेत चालून जातं, कारण तिथे तेल गोठायची वेळ क्वचित येते. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजायला लागतं. नाशिकच्या डिसेंबरात सकाळी मशीनच फिरणार नाही. गोठणं तरी परवडलं, ऊन लागलं की ते पातळ होतं. खरी अडचण पुढची. खाण्याची तेलं हवेशी संयोग पावून चिकट होतात आणि काही वर्षांनी त्यांचा पिवळा-तपकिरी लुकणासारखा थर सांध्यात बसतो. खोबरेल त्यातल्या त्यात सोशिक, शेंगदाणा-करडई घालणाऱ्यांचं तर विचारूच नका. मशीनचं तेल खनिज तेल असतं, पातळ आणि रंगहीन. त्याचा असा गोंद होत नाही.

जुना थर बसलाच असेल तर थोडं रॉकेल सांध्यात सोडायचं, रिकामी मशीन चालवायची, काळं पाणी पुसून घ्यायचं आणि लगेच मशीनचं तेल द्यायचं. रॉकेल नुसतं ठेवलं तर सांधे कोरडे पडतात.

कोकणी_मामी :
रॉकेल आता मिळतं कुठे बाबा? रेशनवर बंद होऊन जमाना झाला.

ऑइलकॅन :
हार्डवेअरच्या दुकानात टर्पेंटाइन विचारा. फक्त रंगावरच्या सोनेरी नक्षीला लावू नका, निघून जाते. आणि खिडक्या उघड्या ठेवा, जवळ देवाचा दिवा नको.

नागपुरी_संत्रं :
गंजलेले नट सोडवायचा स्प्रे मिळतो न डब्यात, तो मारला मी. मस्त चालली आठ दिवस. मंग पुन्हा किरकिर.

ऑइलकॅन :
होणारच. तो स्प्रे अडकलेलं सोडवायला चांगला. पण तो बराचसा उडून जातो, मागे उरतो तो थर फारच पातळ. वंगण म्हणून त्याच्या भरवशावर राहायचं नाही.

ग्लासगोकर :
थोडं अवांतर. पेठेतल्या काकांच्या आईची मशीन सिंगर आहे का? असेल तर मशीनच्या लोखंडी पाट्यावरचा नंबर बघा. वाय अक्षराने सुरू होत असेल तर ती इथली, ग्लासगोजवळच्या क्लाइडबँकची. कारखाना 1980 मध्ये बंद झाला आणि इमारतीही गेल्या, पण रेल्वे स्टेशनचं नाव अजून 'सिंगर' आहे. गाडीत घोषणा होते तेव्हा मला दरवेळी आजीचा माजघरातला कोपरा आठवतो.

पेठेतला :
बघितलं. वाय आहे!! नंबर इथे टाकू का?

ग्लासगोकर :
टाका, साल शोधून सांगतो. 1920 ते 35 च्या आसपासची निघेल.

चरखा_आणि_चहा :
सिंगरचा विषय निघालाच आहे तर, यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनी 1924 मध्ये एका मुलाखतीत सिंगरच्या शिलाई मशीनचा अपवाद केला होता. बायको हाताने शिवून दमते हे पाहून, तिच्यावरच्या प्रेमापोटी सिंगरने हे यंत्र काढलं, असं त्यांच्या सांगण्यात आलंय.

पेठेतला :
प्रेमापोटी? आयझॅक सिंगरचे एकाहून अधिक संसार होते आणि वीसहून जास्त मुलं. इतक्यांचे कपडे शिवायचे म्हणून यंत्र काढलं असेल. शिवाय टोकाला नेढं असलेली सुई त्याची नव्हेच. एलियास हाऊने 1846 मध्ये पेटंट घेतलं होतं. सिंगरचं पेटंट 1851 चं. हाऊने कोर्टात खेचल्यावर त्याला पैसे मोजावे लागले.

चरखा_आणि_चहा :
बापूंना बातमी कोणी दिली देव जाणे. मुद्दा मात्र पटतो. हे यंत्र माणसाचा हात रिकामा करत नाही.

शिवणवर्ग_सांगली :
मंडळी, मधुराताईंची मशीन खडखडतेय तोवर तुमचे कोर्ट-कज्जे बाजूला ठेवता का?

मधुरा_नाशिक :
वाचत होते हो सगळं, मजा येतेय.

ताई, तुम्ही सांगितलेली परीक्षा केली. नॉब सैल करून पायडल मारलं. टक-टक पूर्ण बंद. पण एक वेगळाच आवाज उरला, दबका, पायाच्या लयीत धप्... धप्... मशीन चालू असताना तो टक-टकीच्या खाली बुडून जातो, म्हणून इतके दिवस मला कळलाच नव्हता. मुलाला खाली काकूंकडे पाठवलं आणि मी वर पायडल मारत बसले. तो आल्यावर म्हणाला, "आई, खाली धप् धप् येतंय. टक-टक काहीच नाही."

म्हणजे दोन आवाज आहेत!

ऑइलकॅन :
शाब्बास, मुलाला आइस्क्रीम द्या. सगळं कोडं इथेच सुटलं. तुम्ही ऐकता तो आवाज आणि काकू ऐकतात तो, हे एक नव्हेतच.

शटलची टक-टक हवेतून तुमच्या कानात येते, जमिनीत फारशी उतरत नाही. धप् मात्र स्टँडच्या पायांतून फरशीत, फरशीतून स्लॅबमध्ये आणि तिथून काकूंच्या छताला. तळमजल्यावर खाली फक्त माती होती, म्हणून इतकी वर्षं कोणाची तक्रार नाही. तुम्ही शटलचा सेट बदलला असता तरी काकू परत वर आल्याच असत्या.

स्टँडमध्ये हे बघा. आडव्या पट्ट्यांचे आणि पायांचे बोल्ट, टेम्पोत हमखास सैल होतात. पायडल ज्या दोन टोकदार स्क्रूंवर झुलतं ते स्क्रू. पायडलला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचे दोन्ही सांधे. दांडा हातात धरून हलवा. थोडा जरी खुळखुळला तर धप् तिथलं. त्या टोकदार स्क्रूंना बाहेरून चेकनट (स्क्रू सैल होऊ न देणारा नट) असतो. तो सैल करा, स्क्रू बोटाने जितका बसेल तितका बसवा, मग किंचित मागे घ्या आणि चेकनट आवळा. फार आवळलात तर पायडल जड होईल. आणि चारही पाय जमिनीला टेकतात का ते बघा. पायाखाली कागद सरकवून पाहा. सरकला तर तो पाय अधांतरी.

शिवणवर्ग_सांगली :
यात एक भर. हेड मागच्या बाजूला दोन बिजागऱ्यांच्या खुंट्यांवर बसलेलं असतं. हेड मागे कलतं केलंत की खालून दोन स्क्रू दिसतील, ते खुंट्यांना धरून ठेवतात. प्रवासात हेच आधी सैल होतात. मग हेड पाटावर उड्या मारतं. कलतं करताना एका हाताने धरून ठेवा, नुसतं सोडू नका, जुन्या बिजागऱ्या धोका देतात. हेड पुढे जिथे लाकडावर टेकतं तिथे पूर्वी फेल्ट किंवा रबराचे तुकडे असायचे. बहुतेक मशीनींचे झिजून गेलेले असतात. जाड फेल्ट कापून चिकटवा.

गोधडीवाली :
मी सातव्या मजल्यावर गोधड्या शिवते, म्हणजे जाड थर आणि दणादण. स्टँडखाली जिमवाले घालतात ती काळी रबरी मॅट टाकलीय. योगा मॅट टाकून पाहिली होती, ती पायांखाली दबून पापड होते. मॅट पूर्ण स्टँडखाली एकसंध घ्या, चार पायांखाली चार तुकडे ठेवले तर मशीन सरकत फिरते. भिंतीला टेकवून ठेवू नका, वीतभर जागा सोडा.

खट्याळ_काका :
सातव्या मजल्यावर गोधड्या, सहाव्यावरच्यांना थंडी वाजून जाग येत असेल.

गोधडीवाली :
सहाव्या मजल्यावर माझेच दीर राहतात. त्यांनाच गोधडी दिलीय. काही बोलत नाहीत.

आयटी_आणि_आयटम :
ताई, इतकी यातायात करण्यापेक्षा नवीन ऑटोमॅटिक का घेत नाही? हलकी, वीस-पंचवीस प्रकारचे टाके, आवाज कमी. आता जुन्या लोखंडात जीव अडकवून काय मिळणार?

गोधडीवाली :
माझ्याकडे दोन्ही आहेत. हलकी मशीन नक्षीच्या टाक्यांना, काज-बटणांना छान. पण गोधडीचे थर किंवा पिशवीचे कॅनव्हासचे चार पदर आले की ती रडते. आत बऱ्याच ठिकाणी नायलॉनची गिअरचाकं असतात. दाता उडाला की आवाज आधी टकटक, मग करकर, मग सुई आणि हुक यांची वेळच चुकते. मधुराताई पिशव्या शिवतात हे लक्षात घ्या.

आयटी_आणि_आयटम :
बरं, मागे घेतो. पिशव्यांचं वाचलं नव्हतं.

नागपुरी_संत्रं :
माझ्या मशीनला मोटर आहे. आवाज करते, ठिणग्या दिसते अन् जळका वासबी येते. याचं काय?

ऑइलकॅन :
आधी प्लग काढा. मोटरमधले कार्बन ब्रश झिजले असण्याची शक्यता जास्त. मोटरच्या दोन्ही बाजूंना छोटी गोल झाकणं असतात, त्यात ब्रश असतात. स्वस्त असतात, जोडीने बदलायचे. पट्टा फार ताणलेला असला तरी मोटर कण्हते. बोटाने मधे दाबल्यावर थोडा दबला पाहिजे. मोटरमध्ये तेल ओतू नका, लोक ओततात. वास येत असताना चालवू नका, हे वेगळं सांगायला नको.

मधुरा_नाशिक :
धप् धप् सापडलं!

हेड कलतं केलं. बिजागरीचा डावीकडचा स्क्रू नुसता टेकलेला होता, बोटाने फिरला. उजवा घट्ट. दांडा हलवून पाहिला तर खालचा सांधा खुळखुळत होता. नवऱ्याने पान्ह्याने आवळला. पायाखाली कागदही सरकवून पाहिला, मागचा उजवा पाय चक्क हवेत. गोधडीवाली ताईंची रबरी मॅट ऑनलाइन मागवली आहे. तोवर घडी घातलेली सतरंजी ठेवलीय.

आता टक-टक. रिकामी चालवली तरी येते. म्हणजे फूट, बॉबिन केस, दोरा यांपैकी काही नाही. शटल बाहेर काढू का? भीती वाटते, परत बसलं नाही तर?

शिवणवर्ग_सांगली :
काढा, बिनधास्त. आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चाक आपल्याकडे फिरवून सुई सगळ्यात वर आणा, सुई काढून ठेवली तर आणखी बरं. शटलवर एक रिंग असते. बाजूला खिट्ट्या असतील तर त्या फिरवून, स्क्रू असतील तर ते सोडवून रिंग काढा. शटल मधल्या दांडीला धरून बाहेर घ्या. ते अर्धचंद्रासारखं दिसेल. आत त्याला ढकलणारा भागही अर्धचंद्र. परत बसवताना दोन अर्धचंद्र मिळून पूर्ण गोल झाला पाहिजे, एकावर एक नाही.

शटल जिथे फिरतं ती गोल खाच जुन्या दातब्रशने साफ करा. तिथे धाग्याचा एक तुकडा अडकला तरी टक-टक येते. सुईखालची प्लेट काढून दात्यांमधली खाचही साफ करा. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ लोखंडावर बसते आणि कचरा आत जातो. साफ झाल्यावर खाचेत तेलाचा एक थेंब. एकच.

सुई बदला. जुनी सुई बोथट असली की जाड कापडात टोचताना टप् टप् वाजते. सुताला 14 नंबर, पिशव्यांच्या कॅनव्हासला 16 किंवा 18.

बेळगावकरीण :
ताई, 14/90 असं लिहिलेलं असतं त्यातला 90 काय असतो? दुकानदार म्हणतो दोन्ही एकच.

शिवणवर्ग_सांगली :
खरंय, एकाच जाडीचे दोन हिशोब. 90 म्हणजे सुई 0.90 मिलिमीटर जाड. 16 ला 100, 18 ला 110. सुई लावताना दोरा ज्या बाजूने नेढ्यात शिरतो त्याच्या उलट बाजूला सुईच्या मुठीचा चपटा भाग यायला हवा. उलटी लागली तर टाकाच पडत नाही. आणि पूर्ण वर सरकवून मगच स्क्रू आवळा, अर्धवट राहिली तर खाली आपटते.

मधुरा_नाशिक :
काढलं शटल! फोटो टाकतेय.

खाचेत लाल दोऱ्याचा तुकडा, तेलात भिजून काळा पडलेला, खाचेच्या गोलाईतच चपटा होऊन बसलेला. चिमट्याने ओढला तर बोटभर निघाला. दात्यांच्या खाली कचऱ्याचा इतका घट्ट थर की पिनेने उचकटला तेव्हा दात्यांच्या ओळींचे ठसे घेऊन आख्खा तुकडा बाहेर आला. त्यात सगळे रंग, सासूबाईंनी एकेक रंग बघून कुठला ब्लाऊज ते सांगितलं. आणि त्या थरातच सुईचं तुटलेलं टोक. फ्रिजवरचं लोहचुंबक फिरवल्यावर आणखी एक मिळालं.

दुरुस्तीवाल्याने रिंग काढून बघितली असती तर दोन मिनिटांचं काम होतं हो.

बसवलं, दोन चंद्र जुळले. टक-टक गेली. आता फक्त तिचा जुना खट्-खट् आवाज येतो, पेठेतले काका म्हणतात तो.

पण नवीन अडचण. मधला नॉब घट्टच होत नाही. कितीही आवळला तरी चाक फिरतं आणि सुई नाही.

पेठेतला :
त्याच्या आत वॉशर असतो, कान असलेला. नॉबवरचा बारीक स्क्रू त्या कानाला अडतोय, म्हणून नॉब पुरता आवळला जात नाही. बारीक स्क्रू सोडवा, नॉब काढा, वॉशर अर्धा फेरा फिरवून परत बसवा. झालं.

मधुरा_नाशिक :
झालं! काका, तुम्हाला पिशवी पाठवते.

पेठेतला :
पत्ता इथे टाकू का? नंबरही टाकायचा राहिलाय.

बेळगावकरीण :
माझ्या मशीनला तसलं काही नाही, फक्त बॉबिन भरताना चीं चीं करते. शिवताना गप्प. रबर रिंग बदलायची का?

शिवणवर्ग_सांगली :
बॉबिन भरायच्या चाकावरची रिंग जुनी झाली की कडक होते आणि पट्ट्यावर घासून ओरडते. बदला. नंबर वगैरे नसतो, जुनी रिंग सोबत घेऊन जा, दुकानदार मापाला लावून देतो. त्या चाकाच्या दांडीला तेलाचा एक थेंब द्या, पण रबरावर तेल जाऊ देऊ नका, मग घसरायला लागतं. शिवायला बसताना ते चाक पट्ट्यापासून मागे ओढलेलं आहे ना तेही बघा. पुष्कळदा टेकलेलंच राहतं आणि दिवसभर चीं चीं चालू असते.

कोकणी_मामी :
सगळं वाचलं. तरी मी खोबरेलच घालणार.

ऑइलकॅन :
घाला मामी. फक्त थंडीत नाशिकला नेऊ नका.

मधुरा_नाशिक :
मॅट आली. काकूंना वर बोलावलं, चालवून दाखवली, मग त्या खाली जाऊन ऐकून आल्या. म्हणाल्या, "येतं थोडंसं, पण झोप लागेल." दुपारी दोन ते चार मी कापड बेतायचं काम करणार आणि मशीन नंतर, असं आमचं ठरलंय. जाताना विचारलं, उसवलेल्या अभ्र्यांना टीप मारून देशील का. हो म्हणाले.

खट्याळ_काका :
अभ्रे दोन ते चारमध्येच शिवा.